चाक कशावर उभं असतं?

सायकलचा हब वरच्या स्पोकांना लटकलेला असतो, असं बहुतेक कारागीर सांगतात. कारणही सरळ आहे: तार ओढ सहन करते, दाब सहन करत नाही. मग जमिनीकडे गेलेल्या बारीक तारेवर माणसाचं ओझं उभं राहणार कसं? योब्स्ट ब्रँट यांनी १९८१ साली ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात नेमकं उलट मांडलं. चाक उभं असतं ते खालच्या स्पोकांवर. जेमतेम दीडशे पानांचं हे पुस्तक कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅव्होसेट या सायकलचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीने काढलं. चाक बांधायला आणि त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं, कारण चाकाकडे बघायची नजर त्याने बदलते.

हा दावा पडताळायला यंत्र लागत नाही. सायकल भिंतीला टेकवा. पुढच्या चाकाचा जमिनीलगतचा एक उभा स्पोक नखाने छेडा, मग त्याच बाजूचा वरचा छेडा, आणि दोन्ही सूर कानात ठेवा. आता कुणालातरी सीटवर बसवून हँडलवर भार द्यायला सांगा आणि तेच दोन स्पोक पुन्हा छेडा. वरचा सूर जवळजवळ जागच्या जागी असतो. खालचा उतरलेला असतो, कानाला स्पष्ट कळण्याइतका. सूर उतरला म्हणजे ताण घटला. हब वरच्या स्पोकांना लटकत असता, तर वजन येताच वरचा सूर चढायला हवा होता. तसं होत नाही. ओझं आलं ते जमिनीलगतच्या मोजक्या स्पोकांनी आपला ताण सोडून पेललं. बाकीच्या प्रत्येक स्पोकात जी वाढ होते ती इतकी किरकोळ, की कानाला जाणवतही नाही.

बैलगाडीचं चाक ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना यातलं मर्म लवकर उमगेल. लाकडी आरे दाब सोसतात, ते दिसतंच. पण लोखंडी धाव तापवून घेरावर चढवली आणि ती निवत गेली, की ती घेराला आवळते आणि सगळे आरे हबाकडे दाबले जातात. गाडीत पोतं पडण्याआधीच चाकात दाब भरून ठेवलेला असतो. सायकलच्या चाकात कारागीर पाना फिरवून ओढ भरून ठेवतो. लाकडी चाकात खालच्या आऱ्यावरचा दाब वाढतो, तारेच्या चाकात खालच्या स्पोकातली ओढ घटते. हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही एकच. घट ही वाढीइतकीच खरी ताकद आहे, मात्र घटायला आधी काहीतरी शिल्लक असावं लागतं. सगळं पुस्तक या अटीभोवती फिरतं.

ब्रँट यांचा जन्म १९३५चा. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं, पोर्शेमध्ये काम केलं, पुढे स्टॅनफर्डच्या लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरवर आणि ह्युलेट-पॅकार्डमध्ये. माणूस उंचापुरा, आणि वर्षानुवर्षं उन्हाळ्यात आल्प्सच्या घाटांत सायकल घेऊन जाणारा. रस्ता डांबरी आहे की खडीचा याची फारशी पर्वा न करणारा. अशा माणसाची चाकं मोडतात, आणि अभियंत्याला ती का मोडली हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. २०१५ साली त्यांचं निधन झालं. पुस्तकाच्या पुढे आवृत्त्या निघाल्या, तरी मूळ मांडणी तीच राहिली: आधी सिद्धान्त, मग बांधणी आणि दुरुस्ती, शेवटी गणितं आणि चाचण्या.

पहिल्या भागातली एक आकृती मला फार आवडते. वजनाखाली चाकाचा आकार किती बिघडतो ते संगणकाने काढून, कित्येक पटींनी वाढवून दाखवलेलं आहे. वाचकाची अपेक्षा असते की वर्तुळ लंबगोल झालेलं दिसेल. दिसतं वेगळंच: जवळजवळ सगळं वर्तुळ शाबूत आणि तळाशी, जमिनीला टेकतं तिथे, एक छोटासा चपटेपणा. बस. त्या चपट्या भागात जे मोजके स्पोक येतात त्यांच्यावरच सगळा प्रसंग गुदरतो. चाक फिरतं तसे ते बदलत राहतात. ७०० सी आकाराच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक साधारण पावणेपाचशे वेळा फिरतं आणि प्रत्येक स्पोक तितक्याच वेळा सैल होऊन पुन्हा ताणला जातो. हजार किलोमीटरला पावणेपाच लाख वेळा. स्पोक का तुटतात याचं उत्तर इथे आहे. २ मिलिमीटर जाडीच्या स्पोकाला १०० किलोचा ताण दिला तर तो त्याच्या तुटण्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतही पोचत नाही. ओढून कुणी स्पोक तोडत नाही. या लाखो ढील-ताणांनी तो थकतो आणि बहुधा हबाच्या फ्लँजपाशी, म्हणजे स्पोक अडकवायच्या चकतीपाशी, जिथे तो काटकोनात वळतो, तिथे तुटतो. हातात आलेल्या तुटक्या स्पोकाचं तोंड नीट पाहिलं तर बऱ्याचदा दिसतं की एक भाग गुळगुळीत, काळपट आहे आणि दुसरा चमकदार, खडबडीत. काळपट भाग जुनी चीर. ती हळूहळू वाढत आलेली. चमकदार भाग शेवटच्या क्षणी तुटलेला.

यातून ब्रँट जो निष्कर्ष काढतात तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चुकीचा वाटतो: मधे बारीक केलेला स्पोक, म्हणजे बटेड स्पोक, सगळीकडे सारख्या जाडीच्या स्पोकापेक्षा टिकाऊ चाक देतो. हिशेब करून पाहू. २ मिलिमीटर जाडीचा, ३०० मिलिमीटर लांबीचा स्टीलचा स्पोक १०० किलोच्या ताणाखाली सुमारे अर्धा मिलिमीटर लांबतो. निपलचे, म्हणजे स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या नटाचे, आटे इंचाला ५६, म्हणजे एका फेऱ्याला जवळपास ०.४५ मिलिमीटर. चाकाचा सगळा जीव एका निपलच्या एका फेऱ्याएवढ्या लांबीत आहे! आता खड्ड्यात रिम क्षणभर तेवढीच आत दबली, तर तो स्पोक पूर्ण ढिला पडेल. ढिल्या स्पोकाचं निपल आपोआप सुटत जातं, त्याचं वळण फ्लँजच्या भोकात खडखडतं, आणि त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. मधे १.६ मिलिमीटरपर्यंत बारीक केलेला स्पोक त्याच ताणाखाली ०.७ मिलिमीटरच्या आसपास लांबतो. तोच खड्डा, तीच रिम, पण याच्यात अजून थोडी ओढ शिल्लक राहते. टोकं मात्र जाडच ठेवलेली, कारण थकवा तिथे येतो. जाड तार म्हणजे मजबूत चाक ही समजूत कितीतरी दुकानांत पक्की बसलेली आहे. जड मालासाठी कारागीर डोळे मिटून जाड स्पोक काढतो. ब्रँट त्या समजुतीशी भांडत नाहीत. स्पोक किती लांबतो ते दाखवतात आणि पुढे जातात.

पुस्तकातली सर्वात सुंदर पानं मात्र ताण मोकळा करण्याची आहेत. कृती साधी आहे. चाक बांधून झालं, ताण पुरा भरला, की दोन्ही बाजूंचे जवळजवळ समांतर जाणारे स्पोक जोडीजोडीने मुठीत धरायचे आणि जोर लावून आवळायचे. एका हातात डावीकडची जोडी, दुसऱ्यात उजवीकडची. हातमोजे घातलेले बरे. असं करत पूर्ण चाक फिरायचं. जुने कारागीरही हे करत आले आहेत. कारण विचारलं तर सांगतात की स्पोक ‘बसतात’. आवळताना टणटण, कुरकुर आवाज येतात, त्यामुळे ते पटतंही. ब्रँट म्हणतात की तो आवाज बहुतांशी पाना फिरवताना स्पोकात साठलेला पीळ सुटल्याचा आहे, आणि आवळण्याचं खरं कारण त्याच्याशी संबंधित नाही.

खरं कारण वळणात आहे. कारखान्यात तार थंड असतानाच वाकवून स्पोकाचं डोकं आणि वळण घडवतात. हबात घातल्यावर ते वळण आणखी थोडं वाकतं, कारण फ्लँजमधून निघण्याचा कोन त्याच्या घडणीशी तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे वळणाच्या काही बिंदूंवर धातू आधीच त्याच्या सोशिकतेच्या काठावर असतो, आणि वर ताण भरला की तो काठावरच अडकून राहतो. अशा बिंदूवर रोज हजारो ढील-ताण आले तर चीर पडायला वेळ लागत नाही. जोडी आवळली की क्षणभर ताण नेहमीपेक्षा खूप वाढतो. काठावरचे ते बिंदू थोडे कायमचे ताणले जातात, हार मानतात. हात सोडला की ताण मूळ जागी परततो, पण ते बिंदू आता काठापासून मागे आलेले असतात. स्पोकाचं आयुष्य वाढतं ते या माघारीने.

कारण कुठलं मानलं याने हाताच्या कामात काय फरक पडतो? फार पडतो. स्पोक फक्त बसवायचे असं समजणारा हलक्या हाताने दाबतो आणि टणटण थांबली की काम झालं असं मानतो. वळणातला ताण मोकळा करायचा आहे हे समजलेला, आवाज थांबल्यावरही, तितक्याच जोराने पुन्हा एक फेरी मारतो. दोन चाकं डोळ्यांना सारखीच दिसतील. वर्षभराने एका चाकाचे स्पोक एकामागून एक तुटायला लागतील. शिकाऊ मुलांना मी हाच उतारा आधी वाचायला सांगेन.

बांधणीच्या भागातलं गद्य वेगळ्या कारणासाठी वाचनीय आहे. ३६ भोकांच्या हबात नऊ-नऊ स्पोकांच्या चार तुकड्या. पहिला स्पोक व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी, म्हणजे पुढे व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे स्पोक जवळजवळ समांतर येतात आणि पंप लावायला जागा राहते. तिसऱ्या-चौथ्या तुकडीतला प्रत्येक स्पोक दोन स्पोकांना एका बाजूने ओलांडतो आणि तिसऱ्याच्या पलीकडून जातो. इतकी गुंतागुंत शब्दांत मांडणं किती कठीण आहे, हे ज्याने एकदा लिहून पाहिलंय त्यालाच कळेल. हस्तलिखित पुरं झाल्यावर ब्रँट यांनी ते आपल्या दोन शाळकरी मुलांच्या हाती दिलं आणि तोंडी एक अक्षर सांगितलं नाही. मुलांनी वाचून चाकं बांधली. लेखकाने आपल्या गद्याची घेतलेली इतकी कडक परीक्षा मला दुसऱ्या कुठल्या कारागिरीच्या पुस्तकाबाबत माहीत नाही, आणि तिची खूण पानापानावर दिसते. एकही वाक्य दोन अर्थांनी वाचता येत नाही.

आउट काढण्याचा क्रमही तसाच विचारपूर्वक आहे. निपलच्या आट्यांना आणि रिममधल्या बैठकीला तेल. मग कमी ताणावर वर-खालचा आउट आधी, कारण ताण वाढत जाईल तसा तो काढणं अवघड होतं. रिम एका जागी बाहेर आली असेल तर तिथल्या डाव्या-उजव्या दोन्ही स्पोकांना सारखंच आवळायचं. बाजूचा आउट असेल तर एकीकडे आवळायचं आणि दुसरीकडे तितकंच सोडायचं, म्हणजे गोलाई बिघडत नाही. ताण वाढल्यावर स्पोक निपलबरोबर पिळला जातो, म्हणून हवं त्याहून थोडं पुढे फिरवून मागे आणायचं. मधूनमधून चाक मध्यावर आहे का ते बघायचं. मागच्या चाकात गिअरच्या चकत्यांमुळे उजवा फ्लँज मध्याच्या जवळ सरकलेला असतो, त्यामुळे उजवीकडचे स्पोक कडक आणि डावीकडचे बरेच सैल राहतात; दोन्ही बाजूंचा सूर सारखा करायचा प्रयत्न केला तर चाक फ्रेमच्या एका अंगाला जाईल. तुलना करायची ती एकाच बाजूच्या स्पोकांची.

आता दुरुस्तीला आलेलं एक चाक डोळ्यांपुढे आणा. खड्ड्यात आदळून रिम डावीकडे वाकलेली. शिकाऊ मुलगा स्टँडवर लावतो, उजवीकडचे स्पोक आवळतो, डावीकडचे सोडतो, आणि थोड्या वेळात चाक खडूच्या टोकाला न घासता फिरतं. गिऱ्हाईक खूश. पण वाकलेल्या जागेचे स्पोक छेडले तर एक जवळजवळ मुका आणि शेजारचा कर्कश. धातू अजून वाकडाच आहे, ताणाने त्याला तात्पुरतं जागेवर खेचून धरलंय. मुका स्पोक दोन आठवड्यांत सुटेल, कर्कश स्पोक वळणाशी तुटेल. योग्य रस्ता असा की आधी तिथले स्पोक ढिले करून रिमच सरळ करायची, मग ताण सारखा भरायचा. रिम सरळ होत नसेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगायचं. डोळ्याला आउट दिसतो, ताण दिसत नाही. चाकाचं आयुष्य मात्र ताणावर ठरतं, आणि तो वाचायला बोटं आणि कान लागतात. ब्रँट यांच्या सगळ्या पानांतून हीच एक शिकवण झिरपत राहते.

आपल्याकडच्या शिकाऊ कारागिराला या पुस्तकाला काही गोष्टी स्वतः जोडाव्या लागतील. दुधाचे कॅन आणि गॅसच्या टाक्या वाहणारी आपली काळी सायकल २८ इंची, पुढे ३२ आणि मागे ४० स्पोकांची. तिचे दांड्याचे ब्रेक रिमच्या कडेला धरत नाहीत, हबाकडच्या आतल्या अंगावर खालून दाबतात. म्हणून या चाकाला बाजूचा दोन-तीन मिलिमीटर आउट चालून जातो, पण वर-खालचा आउट अजिबात चालत नाही. ब्रेक हिसके देत धरतो. रेसिंग सायकलवर शिकलेला मुलगा या चाकाचा बाजूचा आउट काढण्यात वेळ घालवतो आणि उसळी तशीच सोडतो. दुसरी गोष्ट, कुठल्याही चाकाचा आउट काढण्याआधी एक्सलचा खेळ तपासायचा. एक्सलवरचे कोन सैल असतील किंवा छर्रे झिजले असतील, तर हब स्टँडवर डुलतो, आणि आपण रिमचा आउट समजून हबाचा आउट काढत बसतो.

एका जागी मात्र पुस्तक जुनं झालंय, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. ताण किती भरावा यावर ब्रँट यांची रीत अशी: भरत जायचं, मधे मधे स्पोक आवळून ताण मोकळा करायचा, आणि आवळल्यावर चाक अचानक मोठ्या लाटांत वाकलं की समजायचं, रिमची मर्यादा गाठली, मग प्रत्येक निपल अर्धा फेरा सोडायचं. १९८१च्या हलक्या, उथळ, ३६ भोकांच्या अ‍ॅल्युमिनियम रिमसाठी ही रीत अचूक होती. त्या रिम आधी वाकायच्या. आजच्या खोल, पेटीसारख्या ताठ रिम वाकत नाहीत. मर्यादा ओलांडली तर निपलच्या भोकाभोवती चिरा पडतात, त्याही काही महिन्यांनी. तिथे लाटांची वाट पाहणारा कारागीर रिमचा घात करेल. रिम बनवणाऱ्याने दिलेला आकडा, बहुधा १०० ते १२० किलोच्या घरातला, आणि ताण मोजायचं मीटर, हाच आज भरवशाचा मार्ग आहे. डिस्क ब्रेक आल्यापासून पुढचं चाकही डाव्या-उजव्या बाजूंना सारखं राहिलेलं नाही, चकती डावीकडे असल्याने तिथला फ्लँज आत सरकला. वीस-चोवीस स्पोकांच्या चाकात एक स्पोक तुटला तरी रिम फ्रेमला घासून चाक अडकू शकतं. ब्रँट ३६ स्पोकांच्या बाजूचे होते. रोजच्या वापरासाठी मी अजूनही त्यांच्याशी सहमत आहे.

तिसरा भाग बरेच जण उघडत नाहीत, समीकरणं बघून मिटतात. त्यात एक चाचणी आहे, तिच्यासाठी तरी उघडावा. स्पोक जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे बारीक तार गुंडाळून डाख द्यायची युरोपातल्या नामांकित कारागिरांची जुनी पद्धत. अशाने चाक जास्त ताठ होतं असं सगळे मानत. हे काम नाजूक आणि वेळखाऊ, त्यामुळे त्याला मानही मोठा. ब्रँट यांनी डाख देण्याआधी आणि दिल्यानंतर चाकाचा ताठपणा मोजला. दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. मग ही पद्धत आली कुठून? उंच पुढच्या चाकाच्या सायकलींच्या काळात लांबलचक स्पोक तुटला तर त्याचं मोकळं टोक फिरत्या चाकात भिरभिरत राहू नये, यासाठी तो शेजाऱ्याला बांधून ठेवत. सायकली बदलल्या, स्पोक आखूड झाले, बांधणं राहिलं आणि त्याला नवं कारण चिकटलं. आकडे छापून आल्यावरही काही कारागीर डाख देतच राहिले. ब्रँट पुढची कित्येक वर्षं त्यांच्याशी तितक्याच नेटाने वाद घालत होते, दर वेळी तेच मोजमाप पुढे ठेवून.